गर्द, गांजा, एमडी: कडक बंदीने नेमकं काय साधलं आणि किंमत कोण मोजतंय?

वजनकाटा

एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या रसायनाचा, कारखाना सापडल्याची बातमी आली की पुढचे चार दिवस सगळीकडे एकच मागणी ऐकू येते: कायदा अजून कडक करा. म्हणून आधी कायदा आत्ताच किती कडक आहे ते आकड्यांनिशी मांडतो, मग बोलू.

अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. गर्द, अफू, कोकेन यांसाठी किमान १० वर्षं. १९८९ ला कलम ३७ आणखी आवळलं आणि जामीन जवळपास बंद झाला. पुडी बाळगणारा आणि पोती वाहणारा यांना बरीच वर्षं जवळजवळ एकच माप लागत होतं. २००१ च्या दुरुस्तीने तीन पायऱ्या केल्या: अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि या दोहोंच्या मधलं.

गर्द म्हणजे हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या वर व्यापारी. गांजा १ किलो आणि २० किलो. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एमडी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. एलएसडी २ मिलिग्रॅम आणि ०.१ ग्रॅम.

अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद. मधल्या पायरीला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला किमान १० आणि कमाल २० वर्षं, वर एक ते दोन लाख दंड. मोठ्या साठ्याचा गुन्हा पुन्हा केला तर कलम ३१ अ खाली फाशीसुद्धा आहे. ती पूर्वी सक्तीची होती. २०११ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती काढून न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली आणि २०१४ ला संसदेने तसंच कायद्यात लिहिलं.

याच्या वर चढायला फार जागा उरलेली नाही. आणि इतकं असूनही एम्स आणि सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत २.२६ कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ घेणारे निघाले. त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. टोचून घेणारेच साडेआठ लाखांच्या घरात. याच पाहणीतला दुसरा तपशील मला जास्त अस्वस्थ करतो: अफू घेणारे ०.५२ टक्के आणि हेरॉईन घेणारे १.१४ टक्के. म्हणजे जो पदार्थ जास्त घातक तोच जास्त पसरलेला आहे.

माझं म्हणणं असं की हा कायदा माणूस बघत नाही, ग्रॅम बघतो. आणि ग्रॅम बघणाऱ्या कायद्यात सर्वांत आधी सापडतो तो खिशात पुडी असलेला.

कातळशिल्प

आकडे मान्य, निष्कर्ष नाही. त्याच पाहणीत दारू पिणारे १४.६ टक्के आहेत, म्हणजे १६ कोटी. दारू कायदेशीर आहे, कोपऱ्यावर मिळते, सरकारला तिच्यातून महसूल येतो. अफूवर्गीय पदार्थ २.१ टक्के. मिळण्याची सोय वाढली की घेणारे वाढतात, एवढं तरी या दोन आकड्यांवरून दिसतं ना?

गांजाचंच बघा. पाहणीत भांग २ टक्के आणि गांजा-चरस १.२ टक्के. भांगेचे परवानाधारक ठेले कित्येक राज्यांत आहेत, गांजाचे नाहीत. बंदी असलेला प्रकार कमी वापरला जातो.

आणि एमडी. ५ फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते एनडीपीएसच्या यादीतच नव्हतं. माल सापडला तरी पोलिसांना त्याच्यावर हे कलम लावता येत नव्हतं, आणि त्या काळात मुंबईत ते शाळा-कॉलेजच्या मुलांपर्यंत पोहोचलं. बंदी नसली की काय होतं याचं उदाहरण आपल्याच दारात घडलेलं आहे.

पंचनामा

कातळशिल्प, दारूचा मुद्दा वजनदार आहे आणि तो कुणी उडवून लावू नये. पण 'बंदी असावी का' आणि 'बंदी चालते कशी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याबद्दल लिहितो, कारण कोर्टात काय होतं ते बाहेर फारसं कळत नाही.

गुप्त माहिती मिळाली की कलम ४२ प्रमाणे ती लेखी नोंदवायची आणि ७२ तासांत वरिष्ठाला प्रत पाठवायची. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घरात शिरायचं तर वॉरंट आणायला वेळ का नव्हता त्याची कारणं आधी लिहायची. रस्त्यावर, स्टेशनवर पकडलं तर कलम ४३, तिथे ही अट नाही. म्हणूनच कागदावर बहुतेक माल 'सार्वजनिक ठिकाणी' सापडलेला दिसतो.

अंगझडती घ्यायची तर कलम ५०. राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेतली जाण्याचा हक्क तुम्हाला आहे, असं त्या माणसाला स्पष्ट सांगायचं. इथे चुका फार होतात. 'राजपत्रित अधिकारी, मॅजिस्ट्रेट किंवा आम्हीच घेऊ का?' असा तिसरा पर्याय दिला तर झडती बाधित होते. दोघांना मिळून एकच नोटीस दिली तरी तेच. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी स्पष्ट केल्या. पिशवी, डिकी, सूटकेस यांना मात्र कलम ५० लागत नाही, ते फक्त अंगावरच्या झडतीला.

मग नमुने. जुन्या १९८९ च्या आदेशाप्रमाणे जागेवरच दोन प्रतींत काढायचे: गांजा, चरस, अफू असेल तर २४ ग्रॅम, बाकी ५ ग्रॅम. कलम ५२ अ म्हणतं यादी, फोटो आणि नमुने मॅजिस्ट्रेटसमोर. २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं आणि डिसेंबर २०२२ च्या नव्या नियमांत ते आलं. तोवरच्या हजारो प्रकरणांत नमुने रस्त्यावर पंचांसमोर काढलेले होते, आणि बचाव पक्षाला तेवढं पुरत असे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ ५२ अ पाळलं नाही एवढ्यावर खटला कोसळत नाही, बाकी पुरावा विश्वासार्ह आहे का ते बघा.

जागेवरची चाचणी किट फक्त संशय पक्का करते. मार्क्विस रसायनाच्या थेंबाने गर्दची पूड जांभळी झाली म्हणजे काम झालं असं नाही. खरा आधार सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणी अहवाल. नव्या नियमांत प्रयोगशाळेने १५ दिवसांत अहवाल द्यावा असं आहे, प्रत्यक्षात महिने जातात. व्यापारी प्रमाण असेल तर आरोपपत्राला ९० ऐवजी १८० दिवस, आणि सरकारी वकिलाने कारण दिलं तर वर्षभर. तोवर माणूस आत. कलम ३७ खाली जामीन हवा तर आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटावी लागते. पुरावा सुरूही झालेला नसताना.

पुढे पाच-सहा वर्षांनी खटला उभा राहतो. पंच फितूर होतात किंवा सापडत नाहीत. मालखान्यातल्या पुडक्याचं सील फिकट झालेलं असतं. गांजा वाळून वजन उतरलेलं असतं आणि पंचनाम्यातला आकडा जुळत नाही. आरोपी सुटतो. तो निर्दोष असेल तर त्याची पाच वर्षं गेली. तो खरंच विक्रेता असेल तर पाच वर्षांची शिक्षा भोगूनही कायद्याच्या लेखी तो निर्दोष. दोन्हीकडे नुकसान समाजाचंच आहे.

ओलंसुकं

भांग कायदेशीर आणि गांजा बेकायदेशीर, हे एकाच झाडाचं ना? मग शेतात झाडं सापडली तर वजन कशाचं करतात?

पंचनामा

चांगला प्रश्न. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे किंवा फळधारी शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर बिया आणि पानं त्यातून वगळलेली आहेत. भांग पानांची, म्हणून ती एनडीपीएसमध्ये येत नाही, राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली येते.

आता होतं असं की उसात किंवा तुरीत लावलेली झाडं मुळासकट उपटतात, ओली, माती लागलेली, आणि सगळा भारा काट्यावर चढवतात. ६० किलोचा पंचनामा होतो. खोड, फांद्या, मुळं, सुटी पानं काढली आणि शेंडे सुकवले तर २० किलोची रेषा गाठणं अवघड. पण रेषा ओलांडली असं कागदावर आलं की कलम ३७ लागलं. शेंडे वेगळे करून वजन केलं नाही, व्यापारी प्रमाण ठरवता येत नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिल्याची प्रकरणं आहेत. मात्र तिथवर जायला वकील परवडावा लागतो. लागवडीचा स्वतंत्र गुन्हा कलम २० मध्ये आहेच, त्यासाठी वजन फुगवायची गरजही नसते.

शुद्धतेचं याहून वाईट. २००८ च्या एका निकालात चार किलोंहून थोड्या जास्त भुकटीत हेरॉईन जेमतेम दीड टक्का, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम निघालं, म्हणून न्यायालयाने मधली पायरी धरली. २०२० ला मोठ्या पीठाने हे उलटवलं: भेसळीसकट पूर्ण वजन धरा. रस्त्यावरच्या पुडीत जितकी भेसळ जास्त तितकी शिक्षा जास्त. एलएसडी कागदात मुरवून विकतात, त्याचा एक चौकोन १०-२० मिलिग्रॅमचा असतो. कागद धरला तर दहाच्या आसपास चौकोनांत व्यापारी प्रमाण होतं आणि किमान दहा वर्षं.

निंबोणी

उपचाराच्या बाजूने लिहिते. बंदी असावी की नसावी यावर भांडताना हे विसरलं जातं की पकडलेल्या माणसाच्या शरीरात पुढच्या काही तासांत काहीतरी घडणार असतं.

गर्द बंद झाल्यावर ८ ते १२ तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते: नाक-डोळ्यांतून पाणी, जांभया, पोटात कळा, जुलाब, हाडं फुटल्यासारखं दुखणं. दीड ते तीन दिवसांत ती शिखरावर असते, आठवड्याभरात ओसरते. त्रास भयंकर, पण निरोगी माणूस पाणी आणि क्षार मिळत राहिले तर यातून जातो. झोपेच्या गोळ्यांचं तसं नाही. मालेगावकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलाम, किंवा मुंबईतली 'बटन' म्हणजे नायट्राझेपाम, रोज बऱ्याच घेणाऱ्याची एकदम तोडली तर फिट येते आणि जीव जाऊ शकतो. दारूचंही तेच. लॉकअपमध्ये हा फरक ओळखणारं कुणी असेलच असं नाही. नातेवाइकांनी अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीतच डॉक्टरांना स्पष्ट सांगावं: काय घेतो, किती, शेवटचं कधी.

दुसरा धोका सुटकेनंतरचा. तीन-चार महिने आत राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं की श्वास थांबतो. पहिले दोन आठवडे सर्वांत जोखमीचे. गर्दचा असर उतरवणाऱ्या नॅलॉक्सोनचं ०.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन अशा वेळी माणसाला परत आणतं, पण त्याचा असर गर्दच्या आधी संपू शकतो, म्हणून त्यानंतरही दवाखान्यात न्यायलाच हवं.

गर्दवर चांगला उपचार आहे. टर्की सुरू झाल्यावरच, आधी नाही, जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन २ ते ४ मिलिग्रॅम, मग वाढवत बहुतेकांना ८ ते १६ वर स्थिर करतात. घाईने आधी दिलं तर औषधच टर्की आणतं आणि माणूस उपचार सोडून पळतो. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून टोचून घेणाऱ्यांसाठी ओएसटी, म्हणजे गर्दऐवजी असं पर्यायी औषध देणारी, केंद्रं आहेत, पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून नॅलॉक्सोन मिसळलेली गोळी द्यायला सुरुवात केली. महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षंच्या वर्षं द्यावी लागते. 'एक व्यसन सोडवून दुसरं लावलं' हा आक्षेप मला मान्य नाही: गोळीवरचा माणूस कामावर जातो, सुई वाटून घेत नाही, पुडीसाठी चोरी करत नाही.

एमडीला असं पर्यायी औषध नाही. थांबवल्यावर दोन-तीन दिवस नुसती झोप, मग खोल उदासी, संशय, कधी आत्महत्येचे विचार. लक्ष ठेवायला माणूस हवा, झोप आणि जेवण सांभाळायला हवं, आणि नंतर महिनोन्‌महिने समुपदेशन. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, पण अशी ठिकाणं किती? त्याच २०१९ च्या पाहणीत बेकायदा पदार्थांवर अवलंबून असलेल्यांपैकी वीसात एकालाच कधी भरती होऊन उपचार मिळाले होते. बाकीच्या एकोणीस जणांना सरकार भेटतं ते पोलिसाच्या रूपात.

कातळशिल्प

निंबोणी, उपचार वाढवा याला विरोध नाहीच. पण 'गुन्हा नको' म्हणणाऱ्यांनी ओरेगॉनकडे बघावं. अमेरिकेतल्या त्या राज्याने मतदान घेऊन फेब्रुवारी २०२१ पासून थोडा साठा बाळगणं गुन्ह्यातून काढलं. शंभर डॉलरची पावती, हेल्पलाईनला फोन केला की तीही माफ. लोकांनी पावत्या फाडल्या, फोन केले नाहीत, उघड्यावर सेवन वाढल्याची तक्रार वाढली, आणि सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. पोलीस बाजूला केले आणि त्या जागी कुणीच उभं केलं नाही.

वजनकाटा

सहमत, आणि नेमकी हीच गोष्ट पोर्तुगालने वेगळी केली. जुलै २००१ पासून तिथे दहा दिवसांच्या वापराइतकं बाळगणं फौजदारी गुन्हा नाही, पण मोकळीकही नाही. पोलीस माल जप्त करतात आणि माणसाला एका समितीसमोर पाठवतात. तिथे कायद्याचा माणूस असतो तसे आरोग्य आणि समाजकार्य जाणणारेही असतात. व्यसनी असेल तर उपचाराकडे, नसेल तर समज किंवा दंड. बंदी कायम, फक्त तिचं दार दुसऱ्या खोलीत उघडतं.

मापंसुद्धा ताडून बघा. पोर्तुगालची हद्द हेरॉईन १ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, गांजा २५ ग्रॅम. आपलं 'अल्प प्रमाण' हेरॉईन ५ ग्रॅम, गांजा तब्बल १ किलो. आपली रेषा कितीतरी सैल आहे! पण त्या रेषेच्या आतही आपल्याकडे अटक, लॉकअप आणि खटला. २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने एनडीपीएसचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र ठरवले, अल्प प्रमाणसुद्धा. ग्रॅम सैल ठेवून आपण माणसाला वाचवलेलं नाही.

शुश्रूषा

या धाग्यावर अजून ज्यांचा उल्लेख आला नाही त्यांच्याबद्दल: कर्करोगाचे शेवटच्या टप्प्यातले रुग्ण.

वैध अफूची सर्वांत मोठी लागवड करणाऱ्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्यावर अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते, परदेशी निर्यात होते. आणि १९८५ च्या कायद्यानंतर याच देशात मॉर्फिनचा, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाचा, वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ ला तो संपूर्ण देशात १८ किलोवर आला होता.

कारण साधं होतं. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर बाळगणं, आणणं, वाहतूक, दुसऱ्या राज्यातून आयात असे चार-पाच परवाने लागत, एक्साइज आणि औषध खात्याकडून, आणि ते सगळे एकाच वेळी वैध असावे लागत. शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. नोंदवहीत चूक झाली तर किमान दहा वर्षांची भीती. औषध दुकानांनी ठेवणं बंद केलं, आणि डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन लिहायला न शिकता बाहेर पडली.

केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल आणि पॅलियम इंडिया या संस्थेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ ची दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा 'अत्यावश्यक' ठरली आणि देशभर एकच नियम आला. आता मान्यताप्राप्त संस्था व्हायला राज्याच्या औषध नियंत्रकाची, म्हणजे आपल्याकडे एफडीएची, एकच मंजुरी पुरते. प्रशिक्षित डॉक्टर हवा, साठ्याची नोंद हवी. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी विचारलं तर बहुतेक जागी 'आम्ही ठेवत नाही' हेच उत्तर. कायदा बदलला, भीती तशीच राहिली.

आणि औषध तरी केवढं? सुरुवात ५ ते १० मिलिग्रॅमची तोंडाने घ्यायची गोळी दर चार तासांनी, दुखणं मोजत वाढवायची, सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण बद्धकोष्ठता हमखास होते. यासाठी खेड्यातला रुग्ण टाटा रुग्णालयापर्यंत प्रवास करतो. बंदीच्या हिशोबात ही वेदना कुठल्याच रकान्यात येत नाही.

रानभूल

शुश्रूषाताई, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

कातळशिल्प यांच्या एमडीच्या उदाहरणाला एक पुरवणी. बंदी आली तेव्हा एमडी थांबलं नाही, जागा बदलली. एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या किंवा भाड्याने दिलेल्या रसायन कारखान्यांत ते बनू लागलं. २०२३ ला सोलापूर आणि नाशिकजवळ, फेब्रुवारी २०२४ ला दौंडजवळच्या कुरकुंभला, तिथे शेकडो किलो. गांजाला शेत लागतं, पाऊस लागतो, वाहतुकीत वास येतो. एमडीला रसायनशास्त्र शिकलेला एक माणूस आणि एक रिअ‍ॅक्टर पुरतो, आणि बॅगेत मावणाऱ्या मालाला ट्रकभर गांजापेक्षा जास्त पैसा येतो. पकडलं जाण्याची भीती सारखीच असेल तर व्यापारी लहान आणि जहाल वस्तूकडेच जाणार.

पंजाबात हेच झालं. पिढ्यानपिढ्या शेतमजूर भुक्की, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, पाण्यात उकळून पीत. शेजारच्या राजस्थानात तिचे परवानाधारक ठेके होते, ते २०१५-१६ च्या सुमारास बंद केले. मागणी राहिलीच, आणि ती भरून काढायला चिट्टा, म्हणजे हेरॉईन, होता. भुक्कीवर माणूस म्हातारा व्हायचा.

ओलंसुकं

एक व्यवहाराचा प्रश्न. मुलगा अल्प प्रमाणासह पकडला गेला, विक्रीचा आरोप नाही, उपचाराला तयार आहे. कोर्टात नेमकं काय मागायचं?

पंचनामा

पहिली गोष्ट, 'गुन्हा कबूल करा, दंड भरा, आजच सुटा' हा सल्ला घाईने मानू नका. कबुली म्हणजे दोषसिद्धी. नोकरीच्या पडताळणीत ती दिसते, आणि तसाच गुन्हा पुन्हा झाला तर कलम ३१ खाली कमाल शिक्षा दीडपट होते.

कलम ६४ अ मागा. कलम २७ (सेवन) किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. यासाठी जामीन झाल्याबरोबर केंद्रात नाव घालायचं, केंद्राला मान्यता असल्याचा कागद घ्यायचा, व्यसनाचं निदान लिहिलेला मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला आणि भरतीची तारीख जोडून दोषारोप ठेवण्याआधी अर्ज द्यायचा. खासगी, मान्यता नसलेल्या केंद्राचा दाखला इथे चालत नाही, बहुतेक अर्ज त्यावरच अडतात. उपचार अर्धवट सोडला तर सवलत काढून घेता येते, म्हणून दर महिन्याची हजेरी जपून ठेवा.

ती वेळ गेली असेल आणि दोष सिद्ध झाला असेल तर कलम ३९. वय, आधीचं वर्तन, प्रकृती बघून न्यायाधीश त्याच्या संमतीने शिक्षेऐवजी बंधपत्रावर उपचाराला सोडू शकतात. वर्षाच्या आत वैद्यकीय अहवाल द्यायचा, तो समाधानकारक असेल तर समज देऊन आणि जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सुटका. ही कलमं सरकारी वकील स्वतःहून पुढे आणत नाहीत. अर्ज आपल्यालाच लेखी द्यावा लागतो, आणि तोंडी मागणी रोजनाम्यात आली नाही तर ती केलीच नव्हती असं धरलं जातं.